काउंटीकाका

माझ्या शेजारच्या केतकीच्या वडिलांना कुठलंही गाव सांगा, ते आधी विचारत, “तिथं बिअर किती वाजेपर्यंत मिळते?” स्वतः पीत शनिवारी एक ग्लास, तोही जेवणाआधी. पण अमेरिकेत पॅकिंगची यंत्रं बसवत काउंटी काउंटी, म्हणजे तिथले जिल्हे, फिरल्यामुळे हा प्रश्न त्यांच्या जिभेवर बसला होता. आता ते लेकीकडे, या चिमुकल्या बेट-देशात आले होते आणि वुडलँड्सच्या आमच्या बहुमजली ब्लॉकमध्ये मीच त्यांना काउंटीकाका म्हणायला लागले.

“अहो, केंटकीत एका काउंटीत पूर्ण बंदी, आणि पूल ओलांडला की दुकानांची रांग,” ते सांगत. “इंडियानात किराणा दुकानात बिअर मिळते, पण कोमट. थंड हवी तर दारूच्या दुकानात जा! कायदा करणाऱ्याच्या घरी फ्रिज नसावा.” मला दारूत रस नाही, पण भाजी निवडताना हे ऐकायला बरं वाटे.

लेकीच्या घरात मात्र ते पाहुण्यासारखे वागत. कपडे बॅगेतच. जावयाला ‘निरंजनराव’ म्हणत आणि तो खोलीत आला की टीव्हीचा आवाज कमी करत. लिफ्टपाशी एकदा मला म्हणाले, “मीनाताई, इथं माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला जातो.” केतकी रडली. त्यांना कसं थांबवावं, हे तिला आणि निरंजनला, दोघांनाही कळेना.

त्यातच निरंजनला बढती मिळाली. शनिवारी आठ वाजता मित्र येणार होते. “बिअर माझ्याकडे,” काकांनी जाहीर केलं. ब्लॉकखालच्या दुकानातून आणू, असं निरंजन म्हणाला, पण काकांना लिटिल इंडियातलं ठरलेलं दुकान हवं होतं. “घाई कशाला? इथं साडेदहापर्यंत मिळते. एवढासा देश, इथं कुठल्या आल्यात काउंट्या!”

मला मेथी हवी होती, म्हणून मीही त्या दोघांबरोबर मेट्रोने गेले. दुकानात पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि बिअरच्या फ्रिजला साखळी लावलेली होती. गल्ल्यावरच्या बाईने मान हलवत इथल्या धाटणीच्या इंग्रजीत सांगितलं. “वीकेंड, अंकल. धिस एरिया, आफ्टर सेव्हन कॅनॉट लाह.”

काकांचा चेहरा उतरला. आयुष्यभर लोकांना नियम सांगणारा माणूस नेमका इथं चुकला, तेही जावयासमोर. “निरंजनराव, माफ करा. एक काम अंगावर घेतलं, तेही धड...”

निरंजन साखळीकडे बघत होता. मग हसू दाबत म्हणाला, “बाबा, केंटकीत अशा वेळी काय करायचात?”

“काउंटीची हद्द ओलांडायचो.”

“मग चला की! एक स्टेशन. धोबी घाट स्टेशनबाहेर हा नियम नाही, तिथं मिळेल. नाहीतरी तिथंच गाडी बदलायची आहे.”

काका असे खदखदून हसले की गल्ल्यावरची बाईही हसली. “अरे निरंजन, इथंही काउंटी निघाली रे!” ‘राव’ त्या दुकानातच राहिलं. माझी मेथीसुद्धा राहिली, कारण हे दोघे केव्हाच स्टेशनकडे सुटले होते.

आम्ही उशिरा पोचलो. मित्र ताटकळले होते, पण तो किस्सा सांगायला सासरा-जावई एकमेकांना पुढे ढकलत होते. पुण्याचं तिकीट रद्द झालं. केतकीने बॅग माळ्यावर टाकली.

पुढे तिघं बुओना व्हिस्टा भागात राहायला गेले. सामान हलवायच्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर काका खोकी मोजणाऱ्या माणसांच्या मध्ये उभे राहून जावयावर ओरडत होते, “निरंजन, आधी नव्या घराखालचं दुकान बघून ये, किती वाजता बंद होतं ते!”

“तुम्हीच बघा ना बाबा,” तो आतून ओरडला, “राहायचंय तुम्हाला!”