हाकेला ओ

अन्वी, मिहिर,

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या बाबालासुद्धा नाही. आता सांगते आहे, कारण मागच्या रविवारी तुमची आई फोनवर बोलता बोलता म्हणाली की अन्वीने शाळेच्या गायनातून नाव काढून घेतलं. का, तर — "माझं गाणं आजोबांनासुद्धा नकोसं झालं होतं." आई सहज बोलून गेली. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं मी. इंग्रजीत लिहिलं असतं तर वाक्यं नीटनेटकी आली असती — आणि नीटनेटक्या वाक्यांमागे मी नेहमीच लपत आले.

तो हंसांचा सिनेमा आठवतो ना? पहिला नाही, दुसरा भाग. उन्हाळ्यात तुम्ही अंबाजोगाईला आला होतात, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तुम्ही कूलरसमोर टॅबलेट घेऊन दिवसभर तेच लावायचात. पहिल्या भागातली गाणी उड्या मारणारी होती. दुसऱ्यातली तशी नव्हती. मिहिर तर म्हणायचा, बोअर आहेत. पण एक गाणं होतं. थवा धुक्यात विखुरतो आणि एक हंस गात हाक घालतो — तू कुठे? दुसऱ्याने त्याच सुरात ओ द्यायची — मी इथे. सुरुवातीला ते ढोलांवर येतं, वादळात नुसत्या बासरीवर, आणि शेवटी सगळ्यांच्या गळ्यात. ओ आली नाही तर हाक घालणारा पुढे उडत नाही. तिथेच थांबतो.

बघा, मला किती नीट आठवतं. हे मुद्दाम सांगते आहे.

आदल्या हिवाळ्यात आजोबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. शब्द राहिला एकच — 'बे'. ज्या उर्मट शब्दासाठी मुख्याध्यापक असताना त्यांनी पोरांना बाकावर उभं केलं, तोच! शाळेचे अध्यक्ष भेटायला आले तर त्यांना म्हणाले, "ये बे." अध्यक्ष हसले, मीही हसले. तेव्हा मी अजून हसत होते.

अन्वी, त्या गाण्याला तू मराठी शब्द लावले होतेस. दारावर येणाऱ्या शकीलभाई फळवाल्यांच्या तोंडून उचललेले — "कुठं हाय?" "हितं हाय!" आणि एका दुपारी खुर्चीतून आजोबांनी अख्खी ओळ म्हटली. कुठं हाय. सुरात, स्वच्छ. तू टाळ्या पिटल्यास आणि ओ दिलीस. शकीलभाई पाटी उतरवून दारातच उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, सरांचा गळा मोकळा व्हायलाय की!"

बोलायला शिकवणारी मुलगी दवाखान्यातून यायची, तिनेही मला बाजूला घेऊन सांगितलं — बोलणं अडतं तिथून गाणं वाट काढतं. त्यांनी हाक घातली की ओ द्या, रोज द्या, थांबवू नका. मी ऐकलं. त्यावर शोधून वाचलंसुद्धा. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

तुम्ही परत गेलात, टॅबलेट आजोबांसाठी इथेच ठेवून. तुमच्या सकाळी, आमच्या संध्याकाळी तुम्ही टॅबलेटवर दिसायचात आणि अन्वी आजोबांशी गायची. पावसाळ्यात 'पाणी' हा शब्द आला, त्याच चालीत. मग 'चहा'. तुमचा बाबा तिकडे रडला होता आनंदाने.

मग त्यांचे जुने विद्यार्थी सत्काराला आले. शाल, नारळ, फोटोवाला. एक तर मोठा अधिकारी झालेला. मी कडक इस्त्रीची साडी नेसले, आजोबांना कोट घातला. अधिकारी वाकून पाया पडत होता — आणि आजोबांनी डावा हात पंखासारखा हलवत मोठ्याने गायला सुरुवात केली. कुठं हाय? कुठं हाय? मागून कुणीतरी म्हणालं, "सर, लई भारी! आता कार्टूनमधी काम करता का काय?" सगळे हसले. आजोबाही हसले. त्यांना ते आवडलं होतं. मला लाज वाटली. त्यांची — माझ्या नवऱ्याची.

आता सांगते.

दुसऱ्या दिवशी मी टॅबलेट लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. तुम्हाला फोन करून म्हणाले, आजोबा त्या गाण्याने आता चिडतात, नका गाऊ. ते खोटं होतं. ते एकदाही चिडले नव्हते. आणि त्यांना सांगितलं, मुलांना अभ्यास असतो, वेळ नाही. तेही खोटं होतं.

ते गात राहिले. मी भाजी चिरत असायचे आणि बाहेरच्या खोलीतून यायचं — कुठं हाय? मी रेडिओ मोठा करायचे. कधी "पुरे आता" म्हणायचे. मी थकले होते, हे खरं आहे. पण दोन शब्दांना किती बळ लागतं?

लग्न झाल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. आमच्यात तशी रीतच नव्हती. "अगं, ऐकलंस का," एवढंच. मी धरून चालले की ती हाक अन्वीला आहे. पण अन्वी तर समोर नव्हती. आणि हाक घालताना ते बघायचे स्वयंपाकघराच्या दाराकडे. मला ते दिसत होतं.

दिवाळीच्या सुमारास गाणं थांबलं. मागोमाग 'चहा' गेला, मग 'पाणी'. शकीलभाईंनी विचारलं, "सर गप का झाले?" मी म्हणाले, वय झालं. संक्रांतीनंतर आजोबा गेले, एक शब्द न बोलता.

अन्वी, तुझं गाणं त्यांना कधीही नकोसं झालं नव्हतं. ते मला नकोसं झालं होतं.

काल मी कपाट उघडलं. टॅबलेट चार्जिंगला लावला. तो अजून चालतो. सिनेमा त्यात आहे. तू काढलेला एक छोटा व्हिडिओही आहे — आजोबा हाक घालतात, तू ओ देतेस, पुन्हा हाक, पुन्हा ओ. मागे स्वयंपाकघरात मी भांडी लावत असल्याचा आवाज येतो.