तळहाताखालचे हात

आमचा मुलगा विषमज्वरातून उठला तो मल्लय्याच्या कृपेने की डॉक्टरांच्या औषधाने, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला होता. वाद म्हणजे बायको बोलायची आणि मी वर्तमानपत्रातून मान वर काढायचो नाही. मुलाची शुद्ध हरपलेली असताना तिने नवस बोलला होता की पोर उठून बसलं तर त्याचा बाप डोंगर पायी चढून श्रीशैलाला जाईल आणि मल्लय्याच्या लिंगावर डोकं ठेवील. नवस तिने बोलायचा आणि पाय मी झिजवायचे, असा तो प्रकार होता.

“पोरगं हिंडतंय-फिरतंय ते कुणामुळं?” ती विचारायची.

“डॉक्टरांच्या औषधामुळं.”

“आन् त्या औषदाला गुन यायची बुद्दी कुनी दिली? देवाचं असं लांबनीवर टाकू नगा, लई वंगाळ असतंय ते.” ती मैंदर्गीची. तिच्या माहेरी मल्लय्याचं नाव घेतल्याशिवाय चूलसुद्धा पेटत नाही.

मी सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला आमच्याकडून आणि खालच्या कानडी मुलखातून लोक खांद्यावर कावडी घेऊन, घोळक्याने श्रीशैलाला जातात. पण तेव्हा परीक्षा असतात. शिवाय मला घोळका सोसत नाही. चूल कोणी आधी पेटवायची यावरून भांडणाऱ्या माणसांबरोबर देवाला जाण्यापेक्षा एकटं गेलेलं बरं, असं मला वाटायचं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच निघालो. पावसाळा नुकता सरलेला, डोंगरात हिवतापाचे दिवस. हे मला ठाऊक होतं, म्हणून क्विनिनच्या गोळ्या बरोबर घेतल्या होत्या. तेवढ्याने आपलं भागेल, अशी माझी खात्री होती.

इथे माझ्या नेमाबद्दल सांगायला हवं. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा होते तेव्हापासून इष्टलिंग गळ्यात असतं, चांदीच्या डबीत. रोज सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाण्याने स्नान घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि त्यावर नजर ठेवून जप करायचा. ही पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. आजारपण असो, प्रवास असो, त्यात कधी खंड पडला नव्हता. श्रद्धा किती होती ते सांगता येत नाही, पण नेम कडक होता आणि त्याचा मला अभिमान होता. तळहातावरचं लिंग खाली पडलं तर त्या माणसाने प्राण ठेवू नये, असं आमचे आजोबा सांगत. त्या बोलण्याची भीती माझ्या मनात खोल बसलेली होती.

गुंटकलला गाडी बदलून कर्नूल आणि तिथून बैलगाडीने आत्मकूर या गावी पोचलो. तिथून पुढे नल्लमल्लाचं जंगल, आणि त्यातून पायीच जायचं. गावातले लोक म्हणाले, चार दिवस थांबा, कोणी सोबत मिळेल. रानातल्या वाटा ठाऊक असलेले चेंचू लोक वाटाड्ये म्हणून येतात, त्यांतला एखादा घ्या. मी दोन्ही गोष्टी ऐकल्या नाहीत. जुन्या पायऱ्या आणि मळलेली वाट दिसत होती, मग वाटाड्या कशाला, असा माझा हिशेब.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीतून अशी थंडी शिरली की उन्हात बसून माझे दात वाजू लागले. वाटेत यात्रेकरूंसाठी बांधलेला एक पडका मंडप होता, जवळ झरा होता. तिथे कसाबसा पोचलो आणि घोंगडी पांघरून आडवा झालो. ती रात्र कशी गेली ते आठवत नाही. सकाळी डोळे उघडले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती आणि जीभ टाळूला चिकटली होती. सरपटत झऱ्यावर गेलो, अंगावर पाणी घेतलं, तांब्या भरून आणला आणि पूजेला बसलो.

डबी उघडून लिंग तळहातावर घेतलं आणि हात थरथरायला लागला. उजव्या हाताने डावा मनगटाशी धरून पाहिला, पण उजवाही तसाच. कोपर गुडघ्यावर टेकवलं तर गुडघा हलायला लागला. लिंग तळहातावरून घसरलं आणि माझ्या मांडीवर, धोतरात पडलं. जमिनीवर पडलं नाही एवढंच. आणखी वीतभर बाजूला पडतं तर दगडी फरशीवरून उतारावर गेलं असतं. ते उचलून डबीत ठेवलं, आणि पुन्हा बाहेर काढण्याचं धैर्य मला होईना.

आता माझी गत पाहा. तांब्यात पाणी होतं, पिशवीत गोळ्या होत्या, पण पूजा झाल्याशिवाय पाणी चालत नव्हतं आणि पाण्याशिवाय गोळी गिळता येत नव्हती. हात थांबल्याशिवाय पूजा नाही आणि गोळी घेतल्याशिवाय हात थांबायचा नाही. एखाद्याने पाणी पिऊन मोकळं व्हावं, देवाला समजतं, असं आज कोणी म्हणेल. पण ज्याने जन्मभर एकच गोष्ट चोख सांभाळली त्याला ती मरतानाही सोडवत नाही. थंडी गेली, मग ताप चढला, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. आपण इथेच संपणार हे मला स्पष्ट कळलं. मला मुलगा आठवला आणि मी रडलो. ज्याच्या जगण्यासाठी नवस बोलला, त्याला बापावाचून वाढावं लागणार होतं.

तेवढ्यात समोर एक म्हातारी उभी दिसली. कमरेला आखूड लुगडं, हातात कंद खणायची काठी, पाठीला टोपली. चेंचू बाई होती. सोलापुरात विणकरांच्या पोरांना शिकवून शिकवून मला तेलुगू बोलता येत होतं, त्यामुळे तिचं बरंचसं कळलं. ते आपल्याकडच्या बोलीत सांगतो.

“पानी हाय की म्होरं. प्या की,” ती म्हणाली.

पूजा झाली नाही, असं मी सांगितलं. छातीवरची डबी दाखवली आणि हात पुढे करून दाखवला. तो हलतच होता. ती खाली बसली, डबीकडे टक लावून पाहिलं.

“मल्लन्ना हाय व्हय ह्यात?”

मल्लन्ना म्हणजे आमचा मल्लय्याच. मी मान हलवली. ती दात नसलेल्या तोंडाने हसली. “अरं, त्यो आमचा जावई. आमच्यातली पोरगी केलीया त्येनं. जावई संगट घिऊन आमच्या रानात आलास, आन् उपाशी मरतुयास?”

एवढं बोलून ती उठली, झऱ्यावर जाऊन हात धुऊन आली आणि माझ्या समोर मांडी घालून बसली. दोन्ही हातांची ओंजळ करून तिने माझ्या डाव्या हाताखाली धरली. मी हात मागे ओढून घेतला. दीक्षा नसलेलं, शिकार खाणारं माणूस. पूजेच्या वेळी त्याचा स्पर्श चालत नाही, हे मला शिकवलेलं होतं. तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ओंजळ तशीच पुढे धरून ती बसून राहिली, जेवायला बसलेल्या रुसक्या पोरासमोर घास धरून बसावं तशी. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या मनातून काहीतरी गळून पडलं. मी विचार करून ठरवलं असं म्हणता येणार नाही. आपल्याने आता होत नाही, एवढंच कळलं, आणि मी हात तिच्या ओंजळीत ठेवून डबीतलं लिंग तळहातावर घेतलं.

थरथर थांबली नाही, हे मुद्दाम सांगतो. माझा हात हलत होता आणि माझ्याबरोबर तिचेही हलत होते. पण लिंग पडलं नाही. मी पाणी घातलं, ते माझ्या बोटांतून तिच्या ओंजळीत उतरलं. विभूती लावली. मंडपाच्या कडेच्या बेलाचं एक पान मी आधीच तोडून ठेवलं होतं, ते वाहिलं. जप नीट झाला नाही, शब्द मागेपुढे झाले. लिंग डबीत गेल्यावर ओंजळीतल्या पाण्याचं काय करायचं ते तिला कळेना. क्षणभर थांबून तिने ते आपल्या केसांना पुसलं. मग तांब्या माझ्या तोंडाला लावला. त्या पाण्याची चव मला अजून आठवते.

तिचा मुलगा आणि आणखी एकजण येऊन मला त्यांच्या वस्तीवर घेऊन गेले. गवताने शाकारलेल्या खोपीत मी ताप उतरेपर्यंत पडून होतो. कंदांची पेज, मध आणि माझ्या क्विनिनच्या गोळ्या, यावर राहिलो. रोज सकाळी न बोलावता म्हातारी हात धुऊन यायची आणि समोर बसायची. पुढे माझा हात थांबला तरी ती यायची, आणि मीही तिला थांबवलं नाही.

चालता येऊ लागल्यावर तिच्या मुलाने मला श्रीशैलापर्यंत पोचवायचं ठरलं. निघताना मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, “तितं गेल्यावर त्येला सांग, सासरची मानसं इचारत्यात म्हनावं. एवडी दुनिया त्येच्याकडं जाती, त्यो कदी हिकडं येत न्हाय.”

श्रीशैलाला प्रत्येकाला गाभाऱ्यात जाऊन लिंगाला हात लावता येतो, डोकं टेकवता येतं. काय बोलायचं ते मी घरून पाठ करून आलो होतो: मुलाचं नाव, त्याच्या आईचं नाव, नवसाचे शब्द. त्या गार दगडावर कपाळ टेकलं आणि यातलं काही आठवेना. तोंडातून तेलुगूतच आलं, “सासरची माणसं विचारतात.” शेजारचे पुजारी चमकून बघू लागले. मी मात्र तिथेच हुंदके देऊन रडलो, आणि आत इतकं मोकळं झालं की तसं त्याआधी कधी झालं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. प्रायश्चित्त घ्यावं लागेल का, असंही विचारलं. तिचं त्याकडे लक्षच नव्हतं.

“मग देव काय म्हनला, सासरच्या निरोपावर?”

“काही नाही म्हणाला.”

“जावई मानसं अशीच की,” ती म्हणाली आणि डोळे पुसत चुलीकडे वळली.

प्रायश्चित्ताचं नंतर कोणीच काढलं नाही. हिवताप मात्र अधूनमधून उलटतो आणि सकाळी हात हलायला लागतो. आता मी हाक मारतो, आणि जवळ असेल त्याचे हात खाली धरायला मागतो. कोण आहे ते बघत नाही. लिंग तळहातावर आलं की माझं काही मागण्याआधी तो निरोप सांगतो. तो सांगून होईपर्यंत मन इतकं भरून येतं की माझं मागणं बहुतेक राहूनच जातं. आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.