साखराबाईच्या भट्टीचे झाकण

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. दूध उशिरा आले. दहा वाजता साखराबाई बोलवायला आली. गुडघा दुखत होता, तरी गेले.

शिरूर अनंतपाळला माझ्या घरामागे तिची पत्र्याची शेड आहे. जन्मभर तिने गोवऱ्या-लाकडांच्या आव्यात मडकी भाजली. गेल्या वर्षी कुंभारकामाच्या प्रशिक्षण केंद्राने तिला विजेची भट्टी वापरायला दिली. झाकणातून धग निघून जाते आणि वरच्या ओळीतले झिलई दिलेले पेले कच्चे राहतात. दोन भाजण्या वाया गेल्या. तिसरीही गेली तर भट्टी परत नेऊ, असे केंद्राच्या दयानंद सरांनी बजावले होते.

झाकण पाहून मी पायरीवरच बसले. त्यावर तिने चार बोटे जाड चिखल लिंपला होता. बिजागरी वाकली होती. पाणी बटणांच्या पेटीकडे ओघळत होते.

“हे काय गं?”

“पांघरूण. आव्याला लिंपल्याबिगर धग ऱ्हात न्हाई, बाई. सासऱ्यानं शिकिवलंय.”

“हा आवा नाही. ओला चिखल आणि वीज! मेन स्विच बंद आहे का?”

“हाय की बंद. तुमच्या पुस्तकाचा हात कधी भाजलाय का?”

भट्टीची पुस्तिका इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे असते. मी वाचले, तिने चिखल खरवडला. खाली विटेला एकच बारीक तडा निघाला; धग तिथूनच जात होती. गल्लीतल्या वेल्डरने बिजागरी सरळ केली. 

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. झाकण आणि पेटी दोन दिवस वाळू दिली. धग अडवायला केंद्राने दिलेली भट्टीची पांढरी, हलकी लोकर कोपऱ्यात तशीच पडून होती.

“कापूस हाय त्यो. पेटंल की!”

“कापूस नाही, पेटत नाही. पण छातीत जातो. मास्क लाव, बाह्या खाली कर.”

कुरकुरत तिने लोकर झाकणावर बाहेरून पसरली, तारेने आवळली. वायरी आणि वाफेचे भोक मी उघडे ठेवायला लावले. दुपारी वायरमनने पेटी तपासली, मग भाजणी लावली. दोघी आळीपाळीने राखणीला बसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी भट्टी निवल्यावर दयानंद सर आले, त्यांनी झाकण उचलले. वरची ओळ चकाकत होती. दोन पेले तेवढे मंद होते.

“राहू द्या भट्टी इथंच,” ते म्हणाले.

साखराबाई हसली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “बाई, आता उठवत न्हाई मला.”

रात्री साखराबाई माझ्याकडे जेवली. दोन भाकरी, वांग्याची भाजी. ज्वारीचे पीठ संपले.