तिच्या कोपराच्या मापाचा ओटा

बायको मस्कतच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली, त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. मुलगी पुण्याला शिकायला. शहराच्या कडेला, बेसा भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. सकाळी कंपनीच्या बसनं कळमेश्वरला जायचं, संध्याकाळी येऊन कुकर लावायचा आणि तिची ड्युटी संपली असेल असा अंदाज घेऊन फोन करायचा, एवढंच माझं आयुष्य उरलं होतं. त्या वर्षी दिवाळीला ती महिनाभर येणार होती. मी ठरवलं, ती यायच्या आत स्वयंपाकघर नवं करायचं.

त्याला कारण होतं. बिल्डरनं बांधून दिलेला ओटा होता सदतीस इंच उंच, आणि माझी बायको जेमतेम चार फूट नऊ. ती लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. सात वर्षं. पाटावरून उतरायचं, फ्रिज उघडायचा, पुन्हा पाटावर चढायचं. संध्याकाळी खांद्याला मलम चोळताना ती म्हणायची, "एवढा ओटा खाली करून घ्या ना." आणि मी म्हणायचो, "पाहू पुढच्या वर्षी." मला तो ओटा कधी उंच वाटला नाही. मी त्याच्याजवळ पाणी प्यायलाच तेवढा जायचो.

ती गेल्यावर मी तिथं रोज उभा राहू लागलो, आणि पाट पायात यायला लागला. पहिल्यांदा मी तो उचलून बाजूला ठेवला, तेव्हा बराच वेळ मला पोळी लाटता आली नाही.

ओट्यावर काय बसवायचं, हे तिनंच ठरवलं. तिच्या हॉस्पिटलात नव्या विभागात पोर्सिलेनच्या मोठ्या स्लॅब लावल्या होत्या. औषधं सांडली, आयोडिन सांडलं, तरी पुसलं की साफ. "मले तसाच पांढरा पाहिजे," ती म्हणाली. "काळ्या दगडावर काय सांडलं ते दिसतच नाही. बोट लावून पाहावं लागते."

"पांढऱ्यावर हळदीचे डाग पडतील वं."

"मंग पाहून घ्या. दुकानदार पेनची शाई पुसून दाखवते, त्याच्यावर जाऊ नका. आईनं पाठवलेलं तिखट न्या, तेलात कालवून."

तिचं माहेर भिवापूरचं. मिरची निघाली की सासूबाई डबा भरून तिखट पाठवतात, लेक घरात असो की नसो. मी त्यातलं चमचाभर घेतलं, तेलात कालवलं, थोडी हळद घातली आणि औषधाच्या रिकाम्या डबीत भरून शोरूमला गेलो. तिथल्या तरुण मुलीनं मला स्लॅब दाखवायला सुरुवात केली. मी डबी काढली तशी ती दोन पावलं मागं सरली.

"सर, हे काय आहे?"

"तिखट. लावून पाहायचं आहे."

तिनं आतून मालकाला बोलावलं. मालक हसला, म्हणाला, लावा. मी संगमरवराच्या एका तुकड्यावर लावलं, क्वार्ट्झवर लावलं, पोर्सिलेनवर लावलं, आणि आम्ही चहा घेत अर्धा तास बसलो. संगमरवर कायमचा पिवळा झाला. क्वार्ट्झवर हलकी सावली राहिली. पोर्सिलेन ओल्या फडक्यानं एका फटक्यात साफ झालं. मी तिला तिन्हींचे फोटो पाठवले. तिच्याकडून एकच ओळ आली, 'आईले सांगा, तिखट पास झालं.'

मग मापाचा दिवस आला. काम करणारा मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचा, शांत माणूस. आधी वीस वर्षं त्यानं कडप्प्याचे ओटे बांधले होते, आता हे नवं शिकला होता. त्यानं टेप काढला आणि म्हणाला, "भाऊ, वहिनीले बोलवा जरा. ओटा ज्याले वापरायचा त्याच्या कोपरापासून चार बोटं खाली पाहिजे. मंग खांदे दुखत नाहीत."

"ती इथं नाही. बाहेर देशात असते."

"बरं, मंग तुम्हीच हातानं दाखवा. त्यांचं कोपर कुठवर येते?"

मी हात छातीजवळ धरला. मग खाली घेतला. मग पुन्हा थोडा वर. बावीस वर्षांचा संसार, आणि मला ते दाखवता येईना. ती माझ्या खांद्याच्या किती खाली येते, हे मला आठवत होतं, कारण स्कूटरवर तिची हनुवटी पाठीला कुठं टेकायची ते पाठीलाच ठाऊक होतं. पण उभी राहिल्यावर, हात दुमडल्यावर तिचं कोपर कुठं येतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहायचं टाळलं आणि टेप गुंडाळला. "घाई नाही भाऊ. फोनवर विचारून घ्या. उद्या करू."

त्या संध्याकाळी तिनं होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात फोन फ्रिजला टेकवून ठेवला. तिच्या खोलीतली केरळची मैत्रीण टेप घेऊन उभी राहिली. माझी बायको भिंतीला टाच लावून, हात दुमडून, शाळेत कवायतीला उभी राहावी तशी उभी राहिली.

"चपला काढ," मी म्हणालो.

"काढल्या आहेत. मी स्वयंपाकघरात चपला घालत नाही, हे तरी लक्षात आहे का?"

मैत्रिणीनं आकडा वाचला. छत्तीसला थोडा कमी. माप घेऊन झालं तरी ती तशीच हात दुमडून थोडा वेळ उभी राहिली, आणि मी फोनमध्ये पाहत राहिलो. चार बोटं वजा करून मी भिंतीवर पेन्सिलनं साडेबत्तीसची खूण केली. ती खूण माझ्या कमरेच्याही खाली येत होती.

जुना ओटा तोडायला दोन दिवस लागले. नवा सांगाडा, कपाटं झाली, आणि स्लॅब आली. नऊ फूट लांब, जाडी करंगळीपेक्षा कमी. लिफ्टमध्ये मावेना. चार माणसांनी ती लोखंडी चौकटीला पकडून, उभी धरून, जिन्यानं चढवली. वळणावर मिस्त्री ओरडायचा, "झुकवू नका, झुकवू नका!" मी मागून रिकामे हात पुढं करून चढत होतो, जणू पडली तर झेलणारच होतो.

आणि नेमकं तेव्हाच मी घोळ घातला. फोनवर तिला सगळं दाखवत होतो, तर ती म्हणाली, "सिंक खिडकीखाली काहून घेतलं? तिथं मी भाजी चिरत उभी राहीन ना. भांडे घासायले खिडकी कशाले पाहिजे?" सिंकचं भोक अजून कापायचं होतं. मी मिस्त्रीला म्हणालो, तेवढं डावीकडं घ्या. तो नाखूश होता. जागेवर कापणं धोक्याचं, म्हणाला, वर्कशॉपमध्ये नेऊन करू. पण पुन्हा तीन मजले उतरवायची, पुन्हा चढवायची. मी म्हटलं, इथंच करा.

तीन कोपरे नीट गेले. चौथ्या कोपऱ्याला बारीकसा 'चट्' आवाज आला. केसासारखी रेघ कोपऱ्यापासून निघून काठापर्यंत गेली. मिस्त्रीनं कटर बंद केला आणि खाली बसला. मग तो म्हणाला, "माही चूक आहे भाऊ. मी नाही म्हणायले पाहिजे होतं." चूक त्याची नव्हती, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रात्री मी तिला घाबरत घाबरत सांगितलं. ती मात्र हसली. "जाऊ द्या ना. माणूस तर नाही न तुटला? आता मी निवडीन. पहिली तुम्ही निवडली होती."

त्या रविवारी ती ड्युटीवर नव्हती. मी गोदामात उभ्या केलेल्या स्लॅबच्या रांगेपुढून फोन धरून सावकाश चालत गेलो. तशीच दुसरी शिल्लक नव्हती. ती म्हणे, मागं घ्या. जवळ न्या. उजेडात धरा. शेवटी एका स्लॅबपाशी तिनं थांबवलं. पांढऱ्यात हलक्या राखाडी शिरा होत्या.

"हात ठेवा तिच्यावर."

मी हात ठेवला.

"कशी लागते, सांगा ना."

मी विचार केला. "गार. ताप आल्यावर तू कपाळावर ओला रुमाल ठेवायचीस ना, तशी."

ती म्हणाली, "हीच घ्या."

या वेळी सिंकचं भोक वर्कशॉपमध्येच कापलं. स्लॅब सुखरूप बसली. आणि त्याच आठवड्यात तिचा फोन आला की वॉर्डात माणसं कमी पडताहेत, दिवाळीची सुट्टी फेब्रुवारीवर गेली. ती खूप वेळ समजावत होती. मी "बरं, बरं" म्हणत होतो. ओट्यावर अजून प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटलेला होता. मी तो काढला नाही. शेगडी बाल्कनीत मांडली आणि दिवाळी तिथंच केली. मुलगी आली, चार दिवस राहिली. तिनं विचारलं, "बाबा, ओटा काहून झाकून ठेवला?" मी म्हणालो, आई येऊ दे.

डिसेंबरात मिस्त्री कपाटाचं एक बिजागर बदलायला आला. बाल्कनीत कढई पाहून त्यानं मान हलवली. "भाऊ, वापरा. तुम्हीच जेवले नाही धड, तर वहिनी आल्यावर पाहतील कोणाले?" त्यानं स्वतःच पापुद्र्याचं एक टोक उचलून माझ्या हातात दिलं.

मी वापरायला लागलो. वाकून वाकून कंबर धरायची, पण मला स्वयंपाकाचा नाद लागला. भरीत जमलं, बेसनाच्या पातोडीचा रस्सा जमला, पोळ्या जवळपास गोल झाल्या. डबे मी माझ्या उंचीनं, माझ्या सोयीनं लावले. दर वेळी वाटायचं, ती आली की हे करून दाखवीन.

फेब्रुवारीत ती चोवीस दिवसांसाठी आली. विमानतळावरून आली, हातपाय धुतले आणि थेट ओट्याशी गेली. अनवाणी. दोन्ही तळवे ओट्यावर टेकून उभी राहिली. कोपरं सैल होती. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली, आणि बराच वेळ मागं वळलीच नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून काहीतरी बिनसलं. "मीठ कुठं आहे?" "चाळणी कुठं आहे?" तिनं विचारायचं आणि तिचा हात पोचायच्या आत मी काढून द्यायचा. बरेचसे डबे तिच्या हाताच्या वर होते. तिसऱ्या दिवशी मी भाजी फोडणीला टाकून हॉलमध्ये आलो, तर ती सोफ्याच्या कडेवर बसली होती, मी करून दिलेला चहा तसाच गार झालेला.

"काय झालं वं?"

"काही नाही. तुम्ही किती भरभर करता सगळं." मग खाली पाहून म्हणाली, "मी तुमच्या घरी पाहुणी आल्यासारखं वाटून राहिलं मले."

मी ओटा तिच्या मापाचा केला होता आणि बाकीचं सगळं स्वतःच्या मापाचं. मी गॅस बंद केला, एकेक करून सगळे डबे खाली काढले, ओटाभर मांडले. मिठापासून साबुदाण्यापर्यंत. "तू लाव," म्हणालो, आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.

दुपार त्यात गेली. तिनं आधी सगळे डबे पुसले. उघडून हुंगले. एका डब्यातलं बेसन टाकून दिलं आणि माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावला. भिवापूरचं तिखट सगळ्यांत खालच्या कप्प्यात गेलं, चहापत्ती सिंकच्या बाजूला, पोह्याचा डबा शेगडीजवळ. नंतर तिनं कणीक भिजवली. खिडकीजवळ उभी राहून पोळ्या लाटल्या आणि मी जमिनीवर बसून गरम गरम खाल्ल्या, किती ते मोजलं नाही. पुढचे वीस दिवस कसे गेले हे मला नीट सांगता येत नाही. त्यातलं फार थोडं सांगण्यासारखं आहे. ती होती, एवढंच.

ती परत गेली त्याला आता पाच महिने झाले. मुलीचं शिक्षण होईपर्यंत, म्हणजे अजून दोन वर्षं, ती तिकडंच आहे. मी डबे हलवलेले नाहीत. सगळंच माझ्या हाताला फार खाली पडतं, वाकावं लागतं, कधी गुडघे टेकावे लागतात. काल मी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला.

"हिंग कुठं ठेवला वं?"

"डावीकडच्या कपाटात, चहापत्तीच्या मागं, छोट्या स्टीलच्या डबीत," ती घास गिळत, क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "सापडला?"

डबी माझ्या हातातच होती. "थांब, पाहतो," मी म्हणालो.