अप लाईनवर चौघं जण

चौकात कुणीतरी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून, धुऊन, त्याचं सरबत करून प्यायलेली बाई आहे मी. माझं माहेर अक्कलकोटकडचं. तिकडे कुणाच्या अंगात आलं की मी मोठ्यांदा म्हणायची, नाकाशी मिरचीचा धूर धरा, आत्ता उतरेल. तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... पण आधी पूर्ण वाचा.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर. कुर्डुवाडीच्या पुढे एका लहानशा स्टेशनवर नऊ वर्षं काढली. मी तिकडे क्वार्टरमध्ये, नवरा आणि सासरे इकडे सोलापुरात दोन खोल्यांत. दोन चुली, दोन सिलिंडर, आणि आठवड्यातून एकदा एकमेकांची तोंडं बघायची. हा काय संसार झाला? मग कळलं, की सगळ्या स्टेशनांचे सिग्नल सोलापुरातल्या एकाच खोलीतून चालवायचं केंद्र होणार आहे आणि त्यासाठी परीक्षा घेऊन माणसं निवडणार आहेत. मी ठरवलंच — काहीही होवो, ही नोकरी मिळवायची आणि तिघांनी एका घरात राहायचं.

अडचण होती माझ्या हाताची. आमच्या जुन्या पॅनेलवर बटनं असतात. रुळावर दुरुस्तीची गँग कामाला उतरली की त्या लाईनच्या बटनावर लाल टोपी घालायची, म्हणजे चुकूनही ते दाबलं जात नाही. नव्या केंद्रात बटनंच नाहीत. मोठा स्क्रीन आणि माऊस. लाईन क्लिक करून बंद करायची आणि मग फोनवर प्रायव्हेट नंबर द्यायचा. हा दोन आकडी नंबर म्हणजे आमचं वचन. छापील कागदावरचा नंबर आपण सांगायचा, समोरच्यानं लिहून घ्यायचा. त्याशिवाय तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही. आणि माझा हात मेला सवयीनं टोपी शोधत टेबलावर फिरायचा! त्या नादात क्लिकही राहायचं, नंबरही राहायचा. सोलापुरात परीक्षेआधीच्या सरावात दोनदा असं झालं. शिकवणारे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, आत्ता तुम्ही अख्खी गँग कापलीत."

घरी येऊन मी रडले. तेव्हा सासरे म्हणाले, "आगं रडती काय? मी हाय की! आपन घरीच करू सराव."

आम्ही त्यांना मामा म्हणतो. तेही रेल्वेतलेच — एकतीस वर्षं ट्रॅकमन, केमच्या बाजूला रुळावर उन्हातान्हात राबलेले. स्वभाव इतका गरीब, की घरात उंदीर सापडला तर पिंजरा घेऊन लांब माळावर सोडून यायचे. मला ते कधी 'अगं' सोडून 'ए' म्हणाले नाहीत.

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आम्ही स्टेशनं आणि अप-डाऊन असे जायचे-यायचे रूळ काढले. गाड्या म्हणून बाटल्यांची बुचं. हाताला सवय व्हावी म्हणून एक जुना, बंद पडलेला माऊस. मामा समोर बसून कधी गँगचे मुकादम व्हायचे, कधी गेटमन. परीक्षेला चार दिवस होते. रविवार, सकाळचे दहा-साडेदहा. हे मटण आणायला गेले होते.

"हॅलो मास्तरीनबाई," मामा टीव्हीचा रिमोट कानाला लावून म्हणाले, "मुकादम बोलतोय. अप लाईनवर काम हाय, चार मानसं हाईत. लाईन बंद करून द्या की."

"दिली, मुकादम," मी म्हणाले. आणि झालं! हात गेला टोपी शोधायला. क्लिक राहिलं, नंबर राहिला. दोन गाड्यांनंतर मी बिनधास्त मालगाडीचं बूच त्याच अप लाईनवर ढकललं.

मामांनी रिमोट खाली ठेवला. मला वाटलं हसतील, "कापली बघ गँग" म्हणतील.

त्यांनी माझे केस धरले आणि माझं तोंड टेबलावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. नाकातून रक्ताची धार लागली. मी "मामा!" म्हणून ओरडले तर त्यांनी माझं डावं मनगट उलटं पिळलं. कट् असा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मग माऊसची वायर गळ्याभोवती टाकून आवळली. सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या हातांत एवढं बळ कुठून आलं? आणि तोंडानं ओरडत होते —

"नंबर कोडु! नावु नाल्कु मंदी इल्ली इद्दीवि! नंबर कोडु!"

कन्नड. नंबर दे, आम्ही चौघं इथं आहोत, नंबर दे. मी कन्नड मुलखातली, मला कळलं. पण मामा करमाळा तालुक्यातले! माझ्या माहेरी दहा वर्षं जाऊन-येऊन त्यांना "ऊटा आयता?", जेवण झालं का, एवढंच येतं, तेही जेवायच्या वेळी. आणि तो आवाज मामांचा नव्हताच. तरण्या माणसाचा होता, जिवाच्या भीतीनं ओरडणाऱ्या.

डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. नंबरांचा छापील कागद समोरच होता. मी उजव्या हातानं मालगाडीचं बूच मागे ओढलं, माऊसवर बोट आपटलं आणि होता नव्हता तेवढा श्वास लावून म्हणाले, "लाईन बंद... नंबर त्र्याऐंशी."

वायर सैल पडली.

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांचेच डोळे, त्यांचाच आवाज. "आगं पोरी, रगत कशानं आलं? कुटं लागलं?" म्हणून माझं नाक पुसायला वाकले.

आणि तेवढ्यात हे दारात आले. त्यांनी काय बघितलं? बायको रक्तानं माखलेली आणि बापाच्या हातात तिच्या गळ्यातली वायर. लोखंडी स्टूल उचलून त्यांनी बापाच्या तोंडावर घातलं. मग खांद्यावर. मग पाठीवर. मामा हात जोडत होते, "दिग्या, आरं काय झालं? आरं मी हाय!" मला ओरडायचं होतं, थांबा, ते आता तेच आहेत... पण घशातून आवाजच फुटेना. मी यांचे पाय धरले तेव्हा कुठे हात थांबला. मामांचे दोन दात पडले होते, खांद्याचं हाड मोडलं होतं.

मामांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी डोकं तपासलं, स्वच्छ निघालं. त्यांच्या एका जुन्या सोबत्याला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "आपल्या पट्ट्यात चौघं कधी कापल्यालं न्हाईत बाई. आन् कानडी मानूस तर गँगमदी कुनी नव्हताच." मग कोण होते ते चौघं? कुठल्या लाईनवर होते? माझ्या डोक्यातलं सगळं, असं म्हणाल तर गळ्यावरचा वळ काही माझ्या डोक्यातला नाही. उत्तर आता मी शोधतही नाही.

मनगटाला प्लास्टर, गळ्याला ओढणी, अशी परीक्षेला बसले. पास झाले. नोकरी लागली.

मामांना खरं सांगायचं नाही, अशी मी यांना शपथ घातली. सुनेचा गळा आपल्या हातांनी आवळला हे कळलं तर तो माणूस जगायचा नाही. मी भोवळ येऊन टेबलावर पडले, एवढंच त्यांना सांगितलं. यांनी बापाला का मारलं, याला मात्र आमच्याकडे खोटं उत्तरसुद्धा नव्हतं. मामा दवाखान्यातून परस्पर केमला, मुलीकडे गेले. परत आले नाहीत.

परवा त्यांचा फोन आला होता. "नोकरी लागली, लई ब्येस झालं बघ. दिग्यावर राग न्हाय माझा. फकस्त येकदा इचार त्याला... माझं काय चुकलं हुतं?"

"रेंज नाही मामा," म्हणाले आणि फोन ठेवला.