भावजींच्या तोंडून निघालेलं नाव

अर्धी मेथी निवडायची ठेवून आधी हे वहीत लिहिते. काल भैरोबाच्या यात्रेतल्या नाटकात माझे दीर अंगदभावजी नायक होते. गावाला पुरातून वाचवणारा तो नायक शेवटी कबूल करतो, "सखाराम, तुझ्या पाळीचं पाणी मीच चोरलं." भावजी सखारामऐवजी "आबासाहेब" म्हणून गेले. आबासाहेब आमचे बांधशेजारी, एकाच पाटाचं पाणी आम्ही पाळीपाळीनं घेतो; ते पुढंच बसलेले. पडद्यामागून "सखाराम, सखाराम" ऐकू आलं, तरी भावजींनी नाव फिरवलं नाही. हात जोडून म्हणाले, "खरंच, आबासाहेब. मागच्या पाळीला पाट मीच फोडला."

"आन मी पाट पोखरला म्हणून घुशीला शिव्या देत हुतो," आबासाहेब म्हणाले. सगळा मांडव हसला. "आता तुझी पाळी मला दे, मग मिटलं."

भैरोबानंच वदवून घेतलं. भावजी आत्ता फावडं घेऊन आबासाहेबांच्या उसाला पाणी द्यायला निघालेत.