‘जातो’वाल्या मॅडम

आमच्या आंजी गावात निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणणं अशुभ. माझ्या लेकीसाठी येणाऱ्या मॅडम मात्र चपला घालता घालता खणखणीत सांगायच्या, “जातो आता. मंगळवारी येतो.” गावानं त्यांचं नावच ‘जातोवाल्या मॅडम’ पाडलं.

“अवं, असं नाई बोलत,” सासूबाई चिडायच्या. मॅडम हसून म्हणायच्या, “आजी, तुमची नात शब्द धरून बसते. येतो म्हनून मी पाठ फिरवली, त तिनं काय समजावं?”

माझी छकुली तेव्हा सहा वर्षांची. बोलत नव्हती, समजत मात्र सगळं होतं. ‘देवळात जाऊ’ सांगून आम्ही तिला एकदा दवाखान्यात नेलं, तिथं चौघांनी धरून तपासलं. तेव्हापासून ती आमच्याबरोबर उंबरा ओलांडेना. दुधानं तोंड पोळलेलं लेकरू! तिच्या वागण्यावर उपचार करायला एका संस्थेनं मॅडमना पाठवलं, तर या बाईनं दीड महिना तिला हातही लावला नाही. ओट्यावर बसून माझ्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलायच्या. “हे कसले उपचार?” मी एकदा तडकून विचारलं. “घाई काऊन करून राह्यल्या? पह्यले तिले त येऊ द्या,” म्हणाल्या.

एका मंगळवारी छकुलीनं आपण होऊन त्यांच्या ओंजळीत दाणे टाकले. मी रडलेच. मॅडम म्हणाल्या, “माह्यावर नाई, तुमच्यावर भरोसा बसला पाह्यजे तिचा. मी काय, आज हाय, उद्या नाई.” हळूहळू तोही बसला. माझं बोट धरून छकुली बसस्टँडपर्यंत येऊ लागली.

मग संस्थेनं काम गुंडाळलं. शेवटच्या दिवशी मॅडम छकुलीसमोर उकिडव्या बसल्या, तिचा हात हातात घेतला. “जातो, छकुले. आता मी येनार नाई.” पोरीचा चेहरा पडायला लागला आणि मला धीर धरवेना. मी पटकन बोलून गेले, “येतील गं, मंगळवारी येतील!”

छकुलीनं त्यांचा हात खुशाल सोडला. मॅडम उठल्या. “असं काऊन केलं, ताई?” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

चार मंगळवार पोरगी ओट्यावर बसून राहिली. पाचव्या मंगळवारी बसली नाही. संस्थेला मी आजही पोटभर शिव्या देते, पण ते वाक्य संस्थेचं नव्हतं. आता ‘भात झाला, ये’ म्हटलं, तर छकुली आधी भाताच्या गंजाचं झाकण उचलून पाहते. बोट तर धरतच नाही.

परवा मॅडमचा फोन आला. “छकुली तुमच्यावर भरोसा ठेवते न, ताई?”

“हो, ठेवते न,” मी म्हटलं.